अंपायरची जाळी

विष्णुपंतांनी कपातला चहा बशीत ओतला, आणि तो बशीत पडलाच नाही. बोटभर अलीकडे, सरळ सतरंजीवर पडला. पंत आपल्याच नादात बोलत होते, बदलापूरच्या विहिरींचं पाणी यंदा कसं लवकर आटलंय वगैरे, आणि बशी ओठाला लावल्यावर त्यांच्या ध्यानात आलं की हिच्यात काहीच नाही. "अरेच्चा!" म्हणाले आणि स्वतःच हसले. "अजून अंदाज येत नाही बघ, श्याम. एका डोळ्यानं दिसतं सगळं, पण किती लांब आहे ते कळत नाही मेलं." सुनंदा लगबगीनं फडकं घेऊन आली. "असू द्या हो, पंत. जुनीच आहे सतरंजी." ती पुसत होती, पंत पाय आवरून बसले होते, आणि श्यामकांत नुसता त्या डागाकडे बघत होता. डाग पसरत पसरत त्याच्या पायाच्या अंगठ्याशी आला. त्यानं पाय मागे घेतला. काहीतरी हलकंफुलकं बोलायला हवं होतं, चारचौघं बोलतात तसं. आपल्या घरात, आपल्या सतरंजीवर, आपल्यादेखत हे व्हायला नको होतं, एवढंच त्याला वाटत राहिलं.

विष्णुपंत म्हणजे अंबरनाथच्या पत्र्याच्या डब्यांच्या कारखान्यातले हेडक्लार्क. श्यामकांत त्यांच्या हाताखाली टाइम ऑफिसात. वयात वीस वर्षांचं अंतर, पण पंतांनी ते कधी जाणवू दिलं नाही. श्यामकांतला खोली मिळवून दिली पंतांनी, सुनंदाच्या पहिल्या बाळंतपणात सुईण गाठून आणली पंतांच्या बायकोनं, माईंनी. आजही माईंनी घारग्यांचा डबा पाठवला होता. तो डबा आणि एक कापडी पिशवी घेऊन पंत रविवारचे सकाळीच बदलापुराहून येऊन दाखल झाले होते. श्यामकांतनं त्यांना बोलावलं नव्हतं. बोलावलं तर नव्हतंच, उलट शुक्रवारी ऑफिसात त्यानं हरप्रकारे टाळून पाहिलं होतं. "तुम्ही कशाला एवढी दगदग करता, पंत? मी एकटा जाऊन घेऊन येतो जाळी." तर पंत म्हणाले, "वा रे वा! यंदा अंपायर तू. डोळे तुझे, आणि जाळी कसली घ्यायची ते तू एकटा ठरवणार? ह्या बाबतीत अनुभव मला आहे बाबा." आणि एका बाजूला काळी काच लावलेला चष्मा नाकावर सारखा करून सगळ्या ऑफिसादेखत हसले. सगळं ऑफिस हसलं. श्यामकांतही हसला. ते हसू त्याला शुक्रवारपासून आतल्या आत टोचत होतं.

आता हा बेसबॉल अंबरनाथला कुठून आला म्हणाल, तर कारखान्याचे मोठे साहेब यंत्रांचं शिक्षण घ्यायला दोन वर्षं अमेरिकेत होते, तिथून त्यांनी हे वेड आणलं. दर प्रजासत्ताकदिनी कारखान्याच्या मैदानात सामना. प्रेसखातं विरुद्ध डब्यांचे सांधे जोडणारं झाळकामखातं. कामगार मंडळी आधी हसली, मग रंगली. दांडू हातात आला की मराठी माणसाला कुणी शिकवावं लागत नाही. पण ह्या खेळात अंपायर उभा राहतो तो झेलणाऱ्याच्या पाठीमागे, थेट चेंडूच्या वाटेवर. दांडूला निसटता चाटून आलेला चेंडू सरळ त्याच्या तोंडावर. म्हणून त्याला तोंडावर जाळी लागते, जाड तारेची, कातडी गादीची. आणि असला माल मिळणार कुठे, तर उल्हासनगरात. लढाईत तिथं पलटणीचा तळ होता. पलटण गेली, सिंधी आले, आणि गोऱ्यांचं उरलंसुरलं सामान कॅम्प दोनच्या बाजारात आलं. बूट, कंदील, ताडपत्र्या, आणि त्यातच कुठे कुणा अमेरिकन सोल्जरची तोंडाची जाळी. गेल्या वर्षी ती घ्यायला श्यामकांत एकटा गेला होता. एकटा गेला होता, हीच तर सगळी रड होती.

टांगा ठरवला. पंत आधी चढले, पायरी चुकली, श्यामकांतनं कोपराला धरलं. "आहे, आहे," पंत म्हणाले. टांगा निघाला तशी त्यांनी ती कापडी पिशवी मांडीवर घेतली आणि तिचं तोंड उघडून दाखवलं. "ही बघ काय आणलीय." आत ती होती. तीच. डाव्या बाजूची तार किंचित आत गेलेली, कातड्यावर पांढरट बुरशी, मागचा रुंद लवचिक पट्टा ढिला पडलेला. श्यामकांतनं पिशवीचं तोंड मिटलं. "ही कशाला आणलीत?" "म्हणजे? दुकानदाराला दाखवून विचारू ना, की बाबा, काय चुकलं? तार तर कुठे तुटली नाही. मग घसरली कशी? हे कळल्याशिवाय दुसरी घ्यायची म्हणजे पुन्हा तेच." पंतांच्या आवाजात राग नव्हता, तक्रार नव्हती. हिशेबात न लागणारी रक्कम शोधताना त्यांचा जसा आवाज असतो, तसा होता. श्यामकांतनं घोड्याच्या पाठीकडे बघत म्हटलं, "दुसऱ्या दुकानात बघू या का, पंत? पुढे कॅम्प तीनला म्हणतात चांगला माल आलाय." "छट्! जिथून नेली तिथंच विचारायचं. बाकीचे काय सांगणार, कपाळ?"

काय चुकलं ते श्यामकांतला ठाऊक होतं. पहिल्यापासून ठाऊक होतं. टहलरामच्या त्या अंधाऱ्या दुकानात गेल्या वर्षी दोन जाळ्या होत्या. एक जड, डोक्याभोवती आडव्याउभ्या दोन चामडी वाद्यांनी आवळायची, कानावरसुद्धा कातडं येणारी. दुसरी हलकी, एका लवचिक पट्ट्याची, घातली-काढली की झालं. टहलरामनं आधी जड जाळी श्यामकांतच्याच तोंडाला बांधली होती. त्या वेळी अंपायर तोच होणार होता, साहेबांनी त्याचंच नाव घेतलं होतं. कातड्याला वास होता. कुणा परक्या माणसाच्या घामाचा, खारट, जुना, आणि वर सर्दटलेल्या पेटीचा. तो घाम ज्याचा होता तो आता कुठे असेल, जिवंत तरी असेल का, असं काहीतरी भलतंच त्याच्या मनात आलं. दुकान, रस्ता, बाहेरची केळ्यांची गाडी, सगळं तारांमधून तुकड्या-तुकड्यांनी दिसत होतं. "अब देखो साईं, कितनी मजबूत है," म्हणत टहलरामनं हातातला लाकडी ठोकळा त्या तारांवर मारला. टण्ण! ठोकळा काही लागला नाही. पण श्यामकांतचं सगळं अंग आकसलं, आणि डोळे मिटले ते मिटलेच. टहलराम हसला. "डर गए?" डोळे उघडले तेव्हा श्यामकांतनं मनोमन ठरवून टाकलं होतं की आपण काही उभं राहायचं नाही. त्याला भीती वाटत होती, बस्स. बत्तीस वर्षांचा बाप्या, एका मुलीचा बाप, आणि चेंडूला भ्याला होता.

मग भराभर सगळं कसं सुचत गेलं! साहेबांना काय सांगायचं तेही तिथंच सुचलं. विष्णुपंत वडीलधारे आहेत, सगळी खाती त्यांचा शब्द मानतात, पंचाचा मान त्यांचा. कुणाला खोटंही वाटणार नाही, कारण ते खरंच होतं. फक्त एक अडचण होती. पंतांच्या डोक्यावर काळी टोपी असायची, उंच, कडक, गुळगुळीत. त्या टोपीशिवाय पंतांना कुणी कधी पाहिलं नव्हतं. श्यामकांत बोडक्यानं ऑफिसात यायचा, तर पंत रोज एकदा तरी म्हणायचे, "कुणाचं सुतक आलंय रे?" जड जाळी म्हणजे टोपी काढणं आलं. पंत मैदानात, चारशे माणसांपुढे टोपी काढणार? नाही म्हणाले तर? नाही म्हणाले तर पुन्हा गाडी आपल्यावरच. म्हणून त्यानं ती हलकी जाळी उचलली. टहलराम म्हणाला होता. स्पष्ट म्हणाला होता. "टोपीवाले को ये मत देना, साईं. फिसलेगी. गोरे भी छोटी कपड़े की टोपी पहनते थे, सिर से चिपकी हुई. ऊँची टोपी उतारके पट्टा खोपड़ी पे बैठना चाहिए." श्यामकांतनं मान हलवली आणि जाळी कागदात गुंडाळून घेतली. पंतांना दिली तेव्हा म्हणाला, "टोपीवरून आरामात बसते बघा. मुद्दाम तशीच बघून आणली." पंतांनी पाठीवर थाप मारली होती.

टांगा उतरणीला लागला. पंत पिशवीवर हात ठेवून बसले होते आणि कुठल्याशा जुन्या ओव्हरसियरची गंमत सांगत होते. श्यामकांतला वाटलं, आता सांगावं. इथंच, टांग्यात. दुकानात त्या माणसाच्या तोंडून कळण्यापेक्षा आपल्या तोंडून बरं. "पंत," तो म्हणाला. "काय रे?" पंत सगळं तोंड वळवून बघायला लागले. पूर्वी नुसते डोळे वळवायचे, आता अख्खी मान वळवावी लागते. ती वळलेली मान पाहिली आणि श्यामकांत म्हणाला, "ऊन लागतंय का तुम्हाला? इकडे बसता का?" "नाही रे, बरा आहे मी." शी! श्यामकांतला स्वतःची किळस आली. आपण आयुष्यभर हेच करत आलो, ऐन वेळी तोंड उघडायचं आणि भलतंच बोलायचं. आई गेली त्या दिवशीही असंच. आण्णा, त्याचे वडील, ओटीवर बसलेले. डोक्यावर टोपी नव्हती. नऊ-दहा वर्षांच्या श्यामकांतनं बापाचं डोकं तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. कपाळ उन्हानं रापलेलं, आणि टोपीची रेघ ओलांडली की वर एकदम पांढरंफटक, कोवळं, लहान मुलाच्या टाळूसारखं. त्याला त्या डोक्याचीच भीती वाटली होती. जाऊन बापाला बिलगावं असं वाटलं होतं, आणि तो म्हणाला होता, "आण्णा, मी पतंग उडवायला जाऊ?" आण्णांनी जा म्हटलं. आणि तो खरंच गेला होता.

गेल्या वर्षी सव्वीस जानेवारीला तो मांडवात होता, धावा मांडायला. सावलीत, टेबलामागे. पट्टा टोपीवरून वर सरकतोय हे त्याला तिथून दिसत होतं. पंत वाकले की जाळी खाली यायची, पंत डाव्या हातानं वर ढकलायचे. पुन्हा वाकले, पुन्हा ढकलली. कामगार हसत होते, "पंत, जाळी सांभाळा!" पंतही हसत होते. उठून जावं, सांगावं, पंत, टोपी काढा. चाळीस पावलंही नव्हती मधे. पण मग पंत जाळीच काढतील आणि म्हणतील, नाही बुवा, तूच ये. त्यानं पेन्सिलीला टोक काढलं. चांगलं बारीक टोक काढलं. मान वर केली तेव्हा हिरामण प्रेसवाल्याच्या दांडूला चाटून चेंडू मागे गेला होता, जाळी पंतांच्या हनुवटीवर लोंबत होती, आणि पंत खाली बसले होते, दोन्ही हातांत तोंड धरून, अगदी हळू, शेतात दमलेला माणूस बांधावर बसतो तसे. टोपी मात्र डोक्यावर होती. इस्पितळात नेलं तेव्हाही होती. डोळा काढावा लागला. व्हरांड्यात माई त्याचा हात धरून म्हणाल्या, "श्याम, तू होतास म्हणून ह्यांना वेळेवर आणलं रे बाबा." आणि पंत महिन्यानं ऑफिसात आले तेव्हा जो भेटेल त्याला सांगायचे, "कुणाचा दोष नाही. माझंच नशीब नडलं." ते वाक्य श्यामकांतनं किती वेळा ऐकलं असेल! दर वेळी वाटायचं, पंतांनी एकदा तरी आपल्यावर ओरडावं. पण कशाबद्दल ओरडणार? त्यांना ठाऊकच नव्हतं.

कॅम्प दोनचा बाजार नेहमीसारखा गजबजलेला. पापडवाल्या बायका, शिवणयंत्रांची खडखड, तळणीचा वास. दुकान दुरून दिसलं तेव्हा श्यामकांतच्या मनात आलं, बंद असू दे. मग आलं, हा माणूस दुकान विकून गेलेला असू दे. देवा, एवढं कर. पण टहलराम होता, आपला गल्ल्याशी बसून चणे खात. त्यानं दोघांकडे पाहिलं. श्यामकांत अर्धं पाऊल मागे सरकला. "आओ साईं, आओ. क्या दिखाऊँ?" त्याच्या नजरेत ओळख नव्हती. जराही नव्हती. वर्षात हजार गिऱ्हाइकं येतात, एका जाळीवाल्याला कोण ध्यानात ठेवतो? श्यामकांतचा जीव भांड्यात पडला. त्याला चक्क हसू आलं, मोकळं मोकळं वाटलं, तहान लागली. सुटलो, तो मनाशी म्हणाला, आणि त्याच क्षणी पंतांनी पिशवीतून जुनी जाळी काढून फळीवर ठेवली.

टहलरामनं ती उलटसुलट केली. वाकलेल्या तारेवरून अंगठा फिरवला. मग पंतांच्या चष्म्याकडे पाहिलं, मग टोपीकडे, आणि तोंडातले चणे चावायचा थांबला. "काका, ये आपने टोपी के ऊपर पहनी थी?" "हां. फिर फिसल गई. हम वही पूछने आए हैं, क्यूं फिसली?" "फिसलेगी ही ना! ये टोपी पे नहीं चलती. मैं सबको बोलता हूँ. जो भी ले जाता है, उसको पहले ये बात बोलता हूँ. बेचने से पहले बोलता हूँ, झूठ नहीं, कसम से." तो बिचारा स्वतःचा बचाव करत होता. आपल्या मालाचा दोष निघू नये म्हणून बोलत होता. श्यामकांतकडे त्यानं पाहिलंही नाही. वर हात घालून त्यानं एक जड जाळी काढली, दोन वाद्यांची, गेल्या वर्षीचीच असावी, कारण अशी दुसरी कुठून येणार. "ये लो. मगर टोपी उतारनी पड़ेगी, काका."

आणि पंतांनी टोपी काढली. काही नाही, घरात खुंटीला अडकवायला काढावी तशी काढली आणि "धर रे" म्हणत श्यामकांतच्या हातात दिली. बाजारात, येणाऱ्या-जाणाऱ्या बायाबापड्यांसमोर. कपाळावर टोपीची रेघ, आणि तिच्या वर ते पांढरंफटक, कोवळं डोकं. चार केस आडवे चिकटलेले. श्यामकांतनं मान खाली घातली. टोपी आतून ओलसर आणि गरम होती. पंतांनी जाळी तोंडाला लावली, टहलरामनं मागून वाद्या आवळल्या, पंतांनी मान गदागदा हलवून पाहिली, ओणवे होऊन पाहिलं. जाळी तसूभर हलली नाही. "वा!" आतून आवाज आला. "ही खरी." मग ते सरळ झाले आणि जाळी तशीच तोंडावर ठेवून श्यामकांतकडे वळले, अख्खी मान वळवून. तारांमागे एक डोळा दिसत होता.

"गेल्या खेपेला हेच दुकान ना रे, श्याम?"

"हो."

"आणि हाच माणूस?"

"हो."

शेजारच्या दुकानातलं शिवणयंत्र थांबलं आणि पुन्हा सुरू झालं. मग पंत म्हणाले, "गडबडीत विसरला असशील. त्या दिवसांत केवढी धावपळ होती तुझ्यामागे. मंडप म्हणू नको, पाहुणे म्हणू नको. होतं असं माणसाचं." आवाज मऊ होता. दार उघडून दिलं होतं पंतांनी. नुसतं हो म्हणायचं होतं. हो पंत, विसरलोच बघा. मग दोघांनी टांग्यात बसून परत जायचं, सुनंदानं पानं घेतलेली असतील, माईंचे घारगे, आणि हे सगळं कायमचं मिटेल. श्यामकांतनं तोंड उघडलं. पतंग उडवायला जाऊ का, असं म्हणणारा तो पोरगा त्याच्या जिभेवर येऊन उभा राहिला.

"नाही," श्यामकांत म्हणाला. "विसरलो नव्हतो." शब्द आले, एकामागून एक आले. "त्यानं सांगितलं होतं. तुम्ही टोपी काढायला नाही म्हणाला असतात, आणि मग मला उभं राहावं लागलं असतं. मी भ्यायलो होतो, पंत. म्हणून सांगितलं नाही."

टहलराम ह्या तोंडाकडून त्या तोंडाकडे बघत होता. त्याला मराठी पुरतं कळत नव्हतं, पण काहीतरी झालंय हे कळलं असावं. त्यानं चण्यांचा कागद गुंडाळून बाजूला ठेवला. पंतांनी दोन्ही हात मागे नेले, चाचपडत वाद्यांची गाठ शोधली, सोडली. जाळी काढली. गालांवर कातड्याचे वळ उठले होते आणि चष्मा एका बाजूला कलला होता. त्यांनी तो सारखा केला नाही.

"मी काढली असती रे," ते म्हणाले. "तू सांगितलं असतंस तर मी काढली असती."

श्यामकांत उभा होता, दोन्ही हातांत ती टोपी धरून. पंतांनी ती मागितली नाही. ते पुढे आले आणि जाळी त्यांनी श्यामकांतच्या तोंडाला लावली. हात जरा अलीकडे पडला, गादी नाकावर आदळली, मग पंतांनी बोटांनी चाचपून ती नीट बसवली, कपाळावर, गालांवर, हनुवटीखाली. तोच वास होता, खारट, जुना. बाजार पुन्हा तुकड्या-तुकड्यांचा झाला. पंत मागे गेले. आता ते दिसत नव्हते, फक्त त्यांचा श्वास मानेवर लागत होता आणि हात वाद्या ओढत होते. एक गाठ. मग दुसरी. कवटीवर कातडं करकचून बसलं, कानशिलं ठणकू लागली, डोळ्यांत पाणी आलं.

"घट्ट होतंय?" पंतांनी विचारलं.

"हो."

"असू दे," पंत म्हणाले, आणि त्यांनी वादी आणखी बोटभर ओढली.